‘आवाज गेला’ म्हणणाऱ्यांसाठी

मराठी रसिकांत गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. मैफलीच्या मध्यंतरात बटाटेवडा संपवता संपवता, कागदी पेल्यातला चहा फुंकत, कुणीतरी शेजाऱ्याकडे झुकून म्हणतो, “आता काही राम राहिला नाही हो. आवाज गेला!” शेजारी गंभीरपणे मान हलवतो. दोघेही मयताला जाऊन आल्यासारखा चेहरा करून पुन्हा खुर्चीत बसतात. आणि ज्याचा आवाज गेला तो सत्तरीचा गवई तेव्हा पडद्यामागे तंबोरे लावत असतो, पुढच्या तासाभराचे गाणे मनाशी जुळवत असतो. हे वाक्य मी बडोद्यात ऐकले आहे, पुण्यात ऐकले आहे, बेळगावातही ऐकले आहे. ‘कोण जाणकार?’ या प्रश्नाला आपल्याकडे आता ‘ज्याला आवाज गेलेला आधी कळतो तो’ एवढेच उत्तर उरले आहे की काय, अशी मला शंका येते.

मी मास्तर माणूस. मुलगा मोठे वाक्य बोलला की ‘म्हणजे काय?’ विचारायची सवय जडलेली. म्हणून विचारतो. आवाज गेला म्हणजे नेमके काय गेले? आणि कशाच्या मानाने गेले?

आधी जे खरोखर जाते त्याचा हिशेब करू. गळ्यातले स्वरयंत्र म्हणजे कूर्चांची एक लहानशी पेटी. तिच्यात दोन स्वरतंतू. पुरुष साधे बोलतो तेव्हा ते सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा कंप पावतात, बाई बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. गाताना तार सप्तकात गेले की हा आकडा कितीतरी वर चढतो. वय वाढले की या मऊ कूर्चांत हाडासारखा कडकपणा येऊ लागतो, तंतूंमधला स्नायू झिजतो, वरचे ओलसर अस्तर कोरडे पडते. दोन तंतू पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. तीच आपल्याला ‘खरखर’ किंवा ‘वारा’ म्हणून ऐकू येते. बरगड्यांचा पिंजरा ताठतो, त्यामुळे दम आखूड होतो. वरचे स्वर आधी जातात. स्थिर लावलेला षड्ज हलू लागतो. बायकांचा आवाज पन्नाशीनंतर बहुधा खाली उतरतो. पुरुषांचा बोलण्याचा आवाज मात्र फार म्हातारपणी थोडा वर चढतो, कारण तंतू बारीक झालेले असतात.

हे सगळे खरे आहे आणि कुणालाही चुकलेले नाही. पण यात एक गोष्ट कुठेच आली नाही. कोणता स्वर कुठे किती वेळ ठेवायचा, कोणता नुसता शिवून सोडायचा, बंदिशीतला कोणता शब्द उजळायचा, कुठे गप्प बसायचे, हे ज्ञान काही स्वरतंतूंत नसते. ते पन्नास वर्षांच्या मैफलींतून साठलेले असते. गळा उताराला लागतो तेव्हा ते भरात आलेले असते. रसिक मात्र गळ्याची बेरीज-वजाबाकी करून घरी जातात.

आता दुसरा प्रश्न. कशाच्या मानाने गेले? याचे उत्तर सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी कबूल करत नाही. घरातल्या कॅसेटच्या मानाने! आता कॅसेटही गेली, मोबाइल आला, पण गज तोच. गवयाने पस्तिसाव्या वर्षी स्टुडिओत, चांगल्या दिवशी, चांगल्या मायक्रोफोनसमोर गायलेले गाणे आपण पाचशे वेळा ऐकतो. मग तोच गवई सत्तराव्या वर्षी समोर बसला की त्याला त्या पाचशे वेळांशी ताडून पाहतो. पुन्हा हा गज तरी सरळ आहे का? जुन्या तबकड्या ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणायच्या, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या काही नेमक्या त्याच वेगाने भरलेल्या नसत. यंत्र थोडे जलद फिरले की पट्टी चढते आणि आवाज कोवळा होतो. १९२५ च्या सुमाराला विजेचे ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी तर गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे, आणि तेही तीन-साडेतीन मिनिटांत आटपावे लागे. त्या कर्ण्यातल्या आवाजाला आपण ‘मूळ आवाज’ म्हणतो आणि समोरच्या माणसाला नक्कल ठरवतो!

बडोद्याचेच उदाहरण घ्या. आमच्या गावाने गाणे काही थोडेथोडके पाहिलेले नाही. सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली ती १८८६ साली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१६ साली इथेच भरली. आणि दरबारात उस्ताद फैयाज खाँ होते. आफताब-ए-मौसिकी. ५ नोव्हेंबर १९५० रोजी ते इथेच गेले आणि त्यांची कबर आमच्याच शहरात आहे. (२००२ च्या दंगलीत त्या कबरीचीही विटंबना झाली. बडोदेकर म्हणून ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.) आजही आग्रा घराण्याचा विषय निघाला की माणसे फैयाज खाँच्या खर्जाबद्दल, नोमतोमबद्दल, बोल बनवण्याबद्दल डोळे मिटून बोलतात. बोलावेच. पण ज्या आवाजाबद्दल ती बोलतात तो कोणत्या वयाचा? त्यांच्या गाजलेल्या तबकड्या बहुतेक १९३० नंतरच्या, म्हणजे खाँसाहेब पन्नाशीच्या आगेमागे असतानाच्या. रेडिओची लांब ध्वनिमुद्रणे १९४० च्या दशकातली, म्हणजे प्रकृती खालावत चाललेली असतानाची. त्यांचा पंचविशीतला आवाज आज जिवंत असलेल्या कुणीही ऐकलेला नाही, कारण तो कुठे भरून ठेवलेलाच नाही. म्हणूनच फैयाज खाँचा ‘आवाज गेला’ असे आजवर माझ्यासमोर कुणी म्हणालेले नाही. ताडून पाहायला कॅसेट नाही ना! उतारवयातला तो घोगरा, भरदार, मधूनच श्वास सांभाळणारा आवाज आपण पूर्णावस्था म्हणून स्वीकारला, आणि त्यात आपले काही बिघडले नाही. हाच न्याय आजच्या म्हाताऱ्या गवयाला का नाही?

याहून मोठी गोष्ट अल्लादिया खाँसाहेबांची. तरुणपणी माळव्यातल्या अमलेटा संस्थानात त्यांना दिवसेंदिवस इतके गावे लागले की आवाज बसला. एक-दोन आठवडे नव्हे, दीर्घकाळ बसला. परत आला तो पहिल्यासारखा आलाच नाही. आपले मध्यंतरातले वडेवाले जाणकार तेव्हा असते तर त्यांनी खाँसाहेबांना त्याच दिवशी निवृत्त करून टाकले असते. खाँसाहेबांनी काय केले? बदललेल्या गळ्याला काय झेपते ते पाहून गाण्याची मांडणीच नव्याने केली. लयीत गुंतवलेली, वळणावळणाने जाणारी, जोडरागांत रमणारी ती गायकी पुढे जयपूर-अत्रौली म्हणून गाजली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात ती रुजली आणि केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर असे तिला फळ आले. खाँसाहेब १९४६ साली गेले, तबकडी एकही न भरता. एका बसलेल्या गळ्यातून आख्खे घराणे निघाले, आणि आपण तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत म्हणून कुरकुरतो.

सीमाभागातल्या वाचकांना तर मी हे सांगण्याची गरज नाही. तुमच्या अंगणातल्याच गोष्टी आहेत. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या ऐका. बारीक, गोड, उंच आवाज. मग घशाचे दुखणे झाले, उपचार झाले, आणि आवाज इतका खाली आला की नवख्या श्रोत्याला पुरुष गातोय असे वाटावे. त्या काळी बाईने गोडच गावे अशी अपेक्षा किती घट्ट होती! गंगूबाई त्या गोड आवाजाच्या मागे धावल्या नाहीत. मिळालेल्या आवाजाने त्यांनी किराणा गायकीला एक वेगळाच कणखरपणा दिला आणि २००६ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीही, त्या श्रोत्यांसमोर बसल्या. सुळेभावीच्या कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले, एक फुफ्फुस निकामी झाले, पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले. १९५३ च्या सुमाराला ते परतले ते छोट्या श्वासाचे, छोट्या छोट्या झेपांचे गाणे घेऊन. धारवाडच्या मन्सूरअण्णांची खरी कीर्ती साठी उलटल्यावरची. त्यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्यांत आवाजाला धार आहे, चमक आहे. पण आज कुणी मन्सूर ऐकायचे म्हटले की काय लावतो? सत्तरीतला, बिडीने करपलेला, दाणेदार, राग एका फटक्यात समोर उभा करणारा आवाज. ही सगळी कन्नड मुलखात जन्मलेली माणसे मराठी श्रोत्यांनी डोक्यावर घेतली, हे आपल्या जमेच्या बाजूचे. ती पुण्याई किती दिवस खर्च करत राहणार?

आमच्या शाळेतली मोठी मुले मोबाइलवर इंग्रजी रॉक संगीत ऐकतात. त्यांच्यातही हाच रोग आहे. “सर, तो म्हातारा झालाय, पूर्वीसारखं ओरडता येत नाही त्याला.” मी त्यांच्यापुरता थोडा अभ्यास केला. लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट तरुणपणी ज्या उंचीवर किंचाळत असे ती उंची साठीला कुणाला मिळणार? २००७ साली लंडनला ती मंडळी पुन्हा एकत्र आली तेव्हा त्यांनी काही गाणी सरळ खालच्या पट्टीत घेतली. एल्टन जॉनच्या घशावर १९८७ साली शस्त्रक्रिया झाली, वरचा बारीक आवाज गेला, खालचा भरदार झाला. त्यानंतर तो २०२३ पर्यंत जगभर दौरे करत राहिला. जोनी मिचेल या बाईंनी तर १९६९ मध्ये स्वतः गायलेले एक गाणे २००० साली पुन्हा ध्वनिमुद्रित केले, पार उतरलेल्या, धुरकटलेल्या आवाजात. पहिल्यात पंचविशीची मुलगी आयुष्याबद्दल बोलते आहे आणि दुसऱ्यात आयुष्य काढलेली बाई. दोन्ही ऐकून आमची नववीतली मुलगी म्हणाली, “सर, दुसरं खरं वाटतं.” मुलांना कळते. मोठ्यांना बटाटेवडा आडवा येतो.

शाळेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. पूर्वी असा मुलगा प्रार्थनेच्या गटातून काढला जाई. ‘तुझा आवाज फुटला, मागे बस.’ कितीतरी मुले त्यानंतर जन्मात गायली नाहीत. आमच्याकडे आता मुलाला काढत नाहीत, पेटीवाला पट्टी बदलतो. चौदाव्या वर्षी जे लागू, ते सत्तराव्या वर्षी का लागू नसावे? पट्टी उतरवणे हे गवयाच्या धंद्यातले शहाणपण आहे. काळी दोनवर गाणारा माणूस पांढरी एकवर आला तर राग तोच राहतो, बंदिश तीच राहते. खर्ज जास्त मिळतो तो वेगळाच नफा.

आता विरोधी पक्षाचा हुकमाचा एक्का. बालगंधर्व! “मास्तर, तुम्ही काहीही म्हणा, पण म्हातारपणी लुगडे नेसून उभे राहिलेले नारायणराव पाहवत नव्हते. थांबायला नको होते का?” हा मुद्दा मी झटकणार नाही, कारण तो दुखरा आहे. गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याच्या दरबाराचा आश्रय होता, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या घरांतून या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी नारायणरावांनी अठ्ठाविसाव्या वर्षी केली. १९३५ साली त्यांनी ‘धर्मात्मा’ या चित्रपटात एकनाथांची भूमिका केली, म्हणजे पुरुषवेष पत्करून पाहिला, आणि मग पुन्हा रंगभूमीवर, पुन्हा शालूत परत आले. पन्नाशी उलटून गेल्यावरही त्या भूमिका सुटल्या नाहीत. का सुटल्या नाहीत? डोक्यावर कर्ज होते, मंडळीतली माणसे पोसायची होती, हे एक. पण दुसरे कारण आपण, म्हणजे आपले आजे-पणजे. लोकांना १९१६ ची रुक्मिणीच हवी होती. तेच पद, त्याच जागा, तोच ‘वन्स मोअर’. वय वाढलेल्या गंधर्वांकडे दुसरे काही देण्यासारखे आहे का, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

आणि होते! पाय गेल्यावर, बसून गायलेल्या त्यांच्या भजनांची ध्वनिमुद्रणे ऐका. श्वास आखूड झाला आहे, वरचा स्वर जपून घेतला आहे, पण शब्द असा ठेवला आहे की दुसऱ्या कुणाला तो तसा ठेवता येऊ नये. दिसणे थकले होते, वेष थकला होता. गाणे नव्या जागी जाऊन बसले होते. रसिक मात्र जुन्याच जागी रांग लावून उभे होते. १९६४ मध्ये पद्मभूषण, १९६७ मध्ये मृत्यू, १९६८ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाचे भव्य रंगमंदिर. मेल्यावर आपण कधी हात आखडता घेत नाही. तेव्हा बालगंधर्वांचे उदाहरण द्यायचे तर पुरते द्या. त्यात गवयाचा हट्ट किती आणि श्रोत्यांचा किती, दोन्ही मोजा.

केसरबाईंचे उदाहरणही नेहमी याच दमात दिले जाते. त्यांनी १९६० च्या दशकात आपण होऊन जाहीर गाणे बंद केले आणि ते मानाने केले. मला त्याबद्दल आदरच आहे. पण तो निर्णय केसरबाईंनी घेतला, तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी नाही. थांबणे हा गवयाचा हक्क आहे, तसाच न थांबणे हाही. कुणी म्हातारा कंटाळवाणा गात असेल तर गाणे कंटाळवाणे होते असे खुशाल म्हणा, मीही म्हणतो. तरुणही पुष्कळ कंटाळवाणे गातात. बेसूर गायला तर बेसूर म्हणा. त्यासाठी कान लागतो. ‘आवाज गेला’ म्हणायला फक्त जन्मतारीख माहीत असावी लागते.

हे सगळे मी आजच का लिहितो आहे? कारण या वाक्याने आता नुसती मने दुखावत नाहीत, त्याने एक धंदा उभा केला आहे. जुना आवाज हवा, पण जुना माणूस तर तसा गाऊ शकत नाही. मग उपाय काय? ट्रॅक! गवयाने आधी स्टुडिओत तुकडे तुकडे जोडून गाणे भरायचे, यंत्राने त्यातले उतरलेले स्वर वर सरकवायचे, आणि दिवाळी पहाटेला मंचावर नुसते ओठ हलवायचे. गुजरातेत नवरात्रीच्या नऊ रात्री मैदानात हजारोंचा घेर फिरत असतो आणि गाणारा रात्र रात्र गातो. तिथे सातव्या-आठव्या रात्री गळा बसला तर लोकांना कळते आणि लोक तरीही फिरतात, टाळीवर टाळी देतात. हे आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. त्यांच्याकडे एक म्हण आहे, ‘घरडां गाडां वाळे’. गाडी अडली की म्हातारेच ती वळवून आणतात. आपण मात्र म्हाताऱ्याला गाडीत बसवून फुलांनी सजवतो आणि चालवायला यंत्र ठेवतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका मंडळाने, नाव लिहीत नाही, आमच्या परिचयातल्या एका ज्येष्ठ गायिकेला पहाटेच्या कार्यक्रमाचे निमंत्रण दिले. बाई पंचाहत्तरीच्या. तालमीला त्यांनी सांगितले, “मी आता दीड सूर खाली गाते, भावगीते दोनच घेईन, बाकी ठुमरी आणि भजन.” संयोजक हसत म्हणाला, “ताई, तुम्ही काळजीच करू नका, तुमचीच जुनी रेकॉर्ड मागे लावू, तुम्ही फक्त उभ्या राहा. लोकांना तुमचा खरा आवाज ऐकायला मिळेल.” खरा आवाज! समोर बसलेल्या जिवंत बाईच्या तोंडावर तो हे बोलला आणि त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटलेही नाही. बाई उठून घरी गेल्या. कार्यक्रम झाला, दुसरी कुणी तरुण मुलगी ट्रॅकवर गायली, लोक खूश होऊन फराळ करून गेले. त्या बाई घरी रोज सकाळी गातात. दीड सूर खाली. मी दोनदा जाऊन ऐकले आहे. भैरवीतला कोमल ऋषभ त्या आता इतक्या सावकाश लावतात की पेटीवाल्याचा हात थांबतो.

संयोजकाला मी फार दोष देत नाही. तो गिऱ्हाईक पाहतो, आणि गिऱ्हाईक आपण आहोत. ख्याल संपतो न संपतो तोच अभंगाची चिठ्ठी वर पाठवणारे आपण. ‘ते जुनं म्हणा ना, अगदी रेकॉर्डसारखं’ अशी फर्माईश करणारे आपण. रेकॉर्डसारखे झाले नाही की मध्यंतरात ते वाक्य बोलणारेही आपणच.

म्हणून माझे मागणे अगदी साधे आहे आणि ते मी आमच्या गावच्या सगळ्या मराठी मंडळांना पत्राने कळवले आहे. ज्येष्ठ कलाकाराला बोलवायचे तर काय गायचे आणि कोणत्या पट्टीत गायचे हे त्याने ठरवावे. चिठ्ठ्या मंचावर पाठवू नयेत. आणि ज्या कार्यक्रमात ट्रॅक लावणार असाल, त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर, प्रायोजकाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात, ‘गायन ध्वनिमुद्रित आहे’ असे छापा. एका मंडळाचे उत्तर आले आहे. पत्रिका आधीच छापायला गेल्या आहेत, म्हणे.